वारें वीस

मुळगाव, डिचोली
१ जुलै

प्रिय विनिता,

तुझी सॅक सुखरूप पोचली. तुमच्याआधी परतलेल्या परेशने गुरुवारी ती मडगाव स्टेशनवरून थेट घरी आणून दिली आणि चहाचं नाव काढताच बिचारा पळाला, कारण तुझ्या आईने त्याच्यासमोरच ती सोप्यावर उपडी केली. काय गो तो वास! रॉकेल, ओले मोजे आणि तिसरं काहीतरी, ज्याला मराठीत तर नाहीच, कोकणीतही शब्द नसावा. "हें चेडूं दोंगरार गेल्लें काय गोठ्यांत?" असं म्हणत तिने नाकाला पदर लावला, आणि थोड्या वेळाने तोच पदर डोळ्यांना लावला. मी पाहिलं नाही असं दाखवलं. सगळे कपडे दोनदा धुऊन झालेत. बाहेर ऊन म्हणशील तर औषधालाही नाही, त्यामुळे तुझं ते पिसांचं जाड जाकीट पंख्याखाली लोंबतंय आणि आम्ही दोघं गेले चार दिवस त्याच्याखालून वाकून जेवायला बसतोय. काल शेजारची कमलाक्षी आली ती त्याला बघून दचकली, घरात कोण परका माणूस उभा आहे म्हणून.

सिद्धेशच्या बर्फाने गेलेल्या बोटांची पट्टी तिकडे नऊ तारखेला सुटणार, अकराला तुम्ही दोघं गाडीने मडगावला उतरणार आणि बाराला, शनिवारी, पणजीत तुमच्या गिर्यारोहण संघाची समिती बसणार. हे सगळं मी कॅलेंडरवर लिहून ठेवलंय. बारा तारखेला लाल गोल आहे. सप्टेंबरातल्या मुलींच्या मोहिमेची प्रमुख तू राहणार की नाही, यापुढे तुझ्या हाती कुणाची दोरी द्यायची की नाही, ते त्या दिवशी ठरेल. बाये, ह्या एका गोष्टीसाठी तू नऊ वर्षं काढलीस. बँकेतल्या सगळ्या रजा त्यात गेल्या, गुडघा एकदा फुटला, दोन स्थळं हातची गेली. (त्यातलं एक मलाही पसंत नव्हतं, ते सोड.) त्या नऊ वर्षांवर आता पाच माणसं टेबलाभोवती बसून शिक्का मारणार, आणि त्यांच्यापुढे तुझ्या सहीचं एक पत्र असणार. त्या पत्रात काय लिहिलंय ते मला ठाऊक आहे. तुमच्या सेक्रेटरीने गेल्या आठवड्यात तुझ्या येण्याची तारीख विचारायला फोन केला होता, तेव्हा तोच म्हणाला, की वाऱ्याचा आकडा ऐकण्यात आपलीच चूक झाली असं तिने पंधरा तारखेच्या पत्रात स्वतःहून लिहून दिलंय, फार प्रामाणिक मुलगी आहे तुमची. मी "होय, होय" म्हणालो आणि फोन ठेवला.

डिचोलीच्या बाजारात हा विषय अजून थंड झालेला नाही. मासळी घ्यायला गेलो की कोणीतरी विचारतंच, "तुमचें चेडूं खंय पावलें?" पोरगी कुठवर पोचली म्हणून. पुढे सिद्धेशची बोटं आणि मग उपदेश. परवा बाबली, तो खाणीवर ट्रक चालवायचा तो, चारचौघांत म्हणाला, "चेडवांक खंय वारें कळटा?" माझ्या हातात पिशवीत बांगडे होते, नाहीतर काय केलं असतं सांगत नाही. पण खरं सांगू? मी काहीच केलं नाही. "तुका कळटा, म्हूण ट्रक दोनदां शेतांत घाल्लो," एवढं बोललो, सगळे हसले, आणि मी घरी आलो. घरी येईपर्यंत मला माझीच लाज वाटत होती. ती का, ते आता सांगतो, पण मला माझ्या पद्धतीने सांगू दे. एकदम मुद्द्यावर यायची सवय मला नाही, हे तुझी आई गेली चौतीस वर्षं सांगते आहे.

आठवतं ना, गेल्या दिवाळीत तू त्या डोंगराचा फोटो भिंतीला टेकवून मला सगळं समजावलं होतंस? सहा हजार दोनशे मीटर. मी म्हणालो, बाप रे, किती उंच. तू म्हणालीस, पप्पा, उंचीची भीती नाही, भीती आहे ती शेवटच्या धारेची. दोन्ही बाजूंना दरी, मध्ये जेमतेम पाऊल मावेल एवढी बर्फाची कड, चारशे मीटर लांब, आणि आडोशाला एक खडासुद्धा नाही. बाकीच्या डोंगरावर वारं झोंबतं, धारेवर ते माणसाला ढकलतं. म्हणून चार गोष्टी बघायच्या. रात्री आभाळ निरभ्र पाहिजे, म्हणजे बर्फ घट्ट गोठतो आणि पाय रुतत नाही. नवा बर्फ वीतभर पडला तर दोन दिवस थांबायचं. थंडी उणे अठराच्या खाली गेली तर निघायचं नाही. आणि वारं ताशी पंचवीस किलोमीटरच्या वर असेल तर धारेवर पाय ठेवायचा नाही, मग आभाळ कितीही सुंदर दिसो. ह्या चारही गोष्टी जुळून दोन दिवस मिळतात त्याला तुम्ही गिर्यारोहक लोक 'विंडो' म्हणता हे तू सांगितलंस, आणि मी म्हणालो, म्हणजे आमचं जनेल. तू पोट धरून हसलीस. मग आपला तोच शब्द झाला. मे महिन्यात फोन आला की तू आधी विचारायचीस, "पप्पा, जनेल उगडलें?"

ही कामगिरी तू माझ्यावर का सोपवलीस तेही मला ठाऊक आहे. मनालीचा एजन्सीवाला दोन दिवसांनी एकदा निरोप पाठवणार होताच. तळावर इंटरनेट नव्हतं, पण तासभर वर चढून एका खडकावर उभं राहिलं की मोबाईलला एक दांडी मिळायची, मिनिटभर बोलण्यापुरती. त्या मिनिटात तुला दुसरा आकडा हवा होता, ताजा. तो तुझ्या काकाच्या सेजलने सांगितला असता, तुझ्या बँकेतल्या कुणीही सांगितला असता. पण तू म्हणालीस, हवामान पप्पांचं. बाये, निवृत्त माणसाला कोणी काम दिलं की तो काय करतो बघ. मी नवा चष्मा केला. वही आणली. सेजलने फोनवर ते हवामानाचं ॲप घालून दिलं, तू सांगितलेल्या जागेवर खूण केली, वाऱ्याचं माप किलोमीटरमध्ये लावून दिलं आणि मला दहा वेळा बजावलं की बाकी कशाला हात लावायचा नाही. मला! एकतीस वर्षं खनिजाची बार्ज चालवलेल्या माणसाला!

तुझ्या आईने तर त्या महिनाभर माझी यथेच्छ थट्टा केली. सकाळी पाववाल्या पोदेराचा भोंगा वाजायच्या आधी मी फोन घेऊन बसलेला असायचो आणि ती उंडे पाव घेऊन आत येताना विचारायची, "आज हिमालयांत कितें?" एकदा मी तिला सांगत होतो की परवा तिथे दुपारनंतर ढग चढणार, आणि इथे अंगणात वाळत घातलेली कोकमाची सोलां वळवाच्या सरीत भिजून चिखल झाली. डोक्यावरचं आभाळ काळं झालेलं मला दिसलं नव्हतं. ह्या वर्षीच्या कढीला जो कुबट वास येईल त्याला सहा हजार मीटर उंचीवरचं हवामान जबाबदार आहे, हे लक्षात ठेव.

आता बार्जबद्दल थोडं बोलू दे. तू लहान असताना मी तुला सारमानसच्या धक्क्यावरून दोन-तीनदा नेलं होतं. माल भरून मांडवीतून खाली, आग्वादाच्या तोंडातून बाहेर आणि वळून मुरगाव बंदरात. पावसाळ्यात ते तोंड बंद, मग कुंभारजुव्याच्या कालव्यातून. तू माझ्या शेजारी उंच स्टुलावर बसायचीस आणि रेडिओवर मी काय बोलतो ते ऐकायचीस. आम्ही बोलायचो तरी किती? मुरगावहून आवाज यायचा, "वारें बारा." मी म्हणायचो, "बरें." संपलं. बारा काय, हे कोणी विचारलं नाही आणि कोणी सांगितलं नाही. बंदरात वारं नॉटमध्येच असतं. मीठ खारट असतं हे जसं कोणी सांगत नाही, तसं ते होतं. तूच एकदा विचारलं होतंस, नॉट म्हणजे काय, आणि मी तुला सांगितलं होतं की जुन्या काळी दोरीला गाठी मारून ती पाण्यात सोडायचे आणि किती गाठी हातातून गेल्या ते मोजायचे. एक नॉट म्हणजे पावणेदोन-दोन किलोमीटर. तू घरी जाऊन आईच्या कपड्यांच्या दोरीला गाठी मारून ठेवल्या होत्यास आणि मार खाल्ला होतास, तो माझ्यामुळे.

तर गंमत अशी, की एकतीस वर्षांत मला वारं अंगाने कळायला लागलं ते नॉटमध्ये. बारा म्हटलं की मला सदरा फडफडलेला जाणवतो. सतरा म्हटलं की हात सुकाणूवर आपोआप घट्ट होतो. किलोमीटरमध्ये मला काही म्हणजे काही जाणवत नाही, नुसता आकडा. म्हणून मी एक चोरटेपणा करायचो. रोज दुपारी ॲपमधलं ते बटण दाबून वारं नॉटमध्ये करायचं, तुझ्या डोंगरावर आज कसं असेल ते अंगाने जोखायचं, आणि मग तुझ्या फोनच्या आधी परत किलोमीटरवर आणून ठेवायचं. तुझ्या पंचवीसचेही मी स्वतःपुरते नॉट करून ठेवले होते, तेरा. कॅलेंडरच्या कोपऱ्यात पेन्सिलने १३ लिहिलंय, आईला वाटलं मी कुणाचा तरी वाढदिवस लिहिलाय. तुझ्या डोक्यात रेघ पंचवीसवर आणि माझ्या डोक्यात तेरावर. बावीस दिवस मी रोज न चुकता बटण परत फिरवलं. बावीस दिवस तुला बरोबर आकडा गेला.

तीन जूनला तुझा फोन पाचऐवजी चारला आला. मी नुकतंच बटण दाबलेलं होतं, चष्मा नाकावर होता आणि पडद्यावर उद्याचा आकडा होता. तुझा आवाज तुटत होता, मागे वारं भणभणत होतं, तू घाईत होतीस. "पप्पा, वारें तितलें सांग, बेगीन." मी म्हणालो, "वीस." तू विचारलंस, "वीस?" मी म्हणालो, "वीस." तू म्हणालीस, "बरें." मी म्हणालो, "बरें गो." आणि लाईन गेली.

हे मी गेले तीन आठवडे रोज मनात बोलून पाहतो. आपण दोघं मिळून दहा-बारा शब्द बोललो असू, आणि त्यात खोटा एकही नाही. तू ऐकलंस वीस किलोमीटर, पंचवीसच्या आत, म्हणजे जनेल उघडलं. तुझं "बरें" म्हणजे "आम्ही निघतो." मी सांगितले वीस नॉट, तेराच्या कितीतरी वर, म्हणजे उद्या कोणी धारेवर जात नाही. माझं "बरें" म्हणजे "शाणी आहे माझी मुलगी, थांबते आहे." विनिता, फोन ठेवल्यावर मी आनंदात होतो. तुझ्या आईला सांगितलं, उद्या नाहीत जात, वारं वाईट आहे. तिने सुटकेचा श्वास सोडला आणि संध्याकाळी मुद्दाम भाज्यांचं खतखतं केलं. मी तीन वेळा वाढून घेतलं.

चार तारखेला काय झालं ते तू मला सहा तारखेला सांगितलंस, तुझ्या नेहमीच्या पद्धतीने, सगळ्यातली भीती काढून. पण परेशने काढली नाही. तो मागाहून फोनवर म्हणाला, पहाट काचेसारखी स्वच्छ होती, बर्फ टणक होता, सगळे खुशीत होते. धारेवर पाय ठेवल्यावर आधी कडेवरून बर्फाची धूळ उडायला लागली, मग धक्के यायला लागले, मग उभं राहणंच कठीण झालं. सिद्धेशने अडकलेली दोरी सोडवायला वरचा हातमोजा काढून दाताखाली धरला आणि वाऱ्याने तो पळवला. शिखर तिथून एकशे चाळीस मीटर. डोळ्यांसमोर. परेश म्हणतो, आम्ही तिघंही म्हणत होतो, एवढं आलो तर जाऊया, आणि विनिताने नुसतं डोकं हलवलं आणि मागे फिरली. अकरा तास लागले तळावर यायला. सिद्धेशचा हात तू स्वतःच्या जाकिटाच्या आत, पोटाशी धरून बसलीस, तरी अनामिका आणि करंगळीची टोकं गेली. तो पखवाज वाजवणारा माणूस. बाकीची आठ पुरेत असं तो म्हणतो म्हणे. तीन माणसं घेऊन गेलीस आणि तिन्ही परत आणलीस. हे समितीतल्या कुणी मोजलं की नाही मला ठाऊक नाही. मी मोजलंय.

सहा तारखेला तू फोनवर म्हणालीस, "पप्पा, हांवें आंकडो चुकीचो धरलो." मी फोन ठेवला, ॲप उघडलं, आणि आकड्याच्या शेजारची नॉटची दोन बारीक अक्षरं दिसली. ती तीन दिवस तशीच होती. मी बटण परत फिरवलंच नव्हतं. आणि मी काय केलं असेल? बटण दाबून ते किलोमीटरवर आणलं आणि फोन उशाखाली ठेवला. जसं काही पुरावाच लपवला. आईला नाही सांगितलं, सेजलला नाही, तुला नाही. स्वतःला म्हणत राहिलो की आता सांगून बोटं परत येणार आहेत का. पण खरं कारण ते नव्हतं. खरं कारण असं, की एकतीस वर्षांत माझ्या वाऱ्याचा आकडा कधी चुकला नाही हे मी ह्या गावात इतक्या वेळा सांगितलंय की लोकांना पाठ आहे. ते मोडायला मी तयार नव्हतो. त्यासाठी तुझं नाव मोडू दिलं.

बारा जूनला पेडण्याला सिद्धेशच्या आईला भेटायला गेलो. लक्ष्मीबाईंनी मला खुर्ची दिली, चहा दिला, वर शेवेचे लाडू. साईश, त्यांचा धाकटा, शेजारी उभा होता. त्या म्हणाल्या, तुमच्या चेडवान माझ्या झिलाक परत हाडल्यान, तिचे उपकार आमी विसरूचे नाय. माझ्या तोंडात लाडू होता. मी मान हलवली आणि तो गिळला. परतीच्या बसमध्ये मला वाटलं, आता हे कायमचं माझ्या पोटात राहणार, आणि माझ्याबरोबरच जाणार. ठीक आहे म्हणालो. इतका मी कोडगा झालो होतो.

मग गुरुवारी सॅक आली. तळाशी तुझी हवामानाची वही होती, चिंब. मी ती एकेक पान सोडवत पंख्याखाली वाळवत बसलो. वाचायचा हेतू नव्हता, पण त्यात सगळे माझेच आकडे, कोण नाही वाचणार? बारा मे, पप्पा, वारें अठरा. तेरा मे, पप्पा, वारें एकतीस, थांबा. एका पानावर तू कोपऱ्यात लिहिलंस, आज पप्पांनी सोलांची गोष्ट सांगितली, सगळा तंबू हसला. म्हणजे माझी बेअब्रू हिमालयापर्यंत गेली तर. आणि मग तीन जून. पेन्सिलने, पप्पा, वारें २०. त्याच्याखाली शाईने, वेगळ्या दिवशी लिहिलेलं. आठ जूनची तारीख आहे. "२० नॉट = ३७. पप्पांना कळता कामा नये."

मनालीत उतरल्यावर तू त्या दिवसाचा जुना अंदाज काढून पाहिला असशील. सदतीस दिसलं असेल. आणि बार्जवाल्याच्या मुलीला सदतीसचे वीस कसे होतात ते कोणी सांगावं लागत नाही. तुला आठ तारखेलाच कळलं होतं. आणि समितीला पत्र तू पंधराला लिहिलंस, आपण चुकीचं ऐकलं म्हणून. तुझी आई विचारायला आली, वही कसली आहे, आणि मग मी तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं. ती रागावली नाही. ती इतकंच म्हणाली, "ती तुजीच धूव न्हय? ओगी रावपाक तुजेकडच्यान शिकली." गप्प राहायची विद्या माझीच म्हणे.

काय वेडी आहेस गो तू. बापाची अब्रू वाचवायला स्वतःची नऊ वर्षं पणाला लावलीस. मला त्याचा इतका राग आला, आणि इतकं भरून आलं, की दोन्ही एकाच वेळी कसं आवरायचं ते कळेना. तुझ्या लहानपणी बार्जवर पाणी वाढलं की तू माझा सदरा पकडायचीस, भिऊन नव्हे, मी पडेन म्हणून. तेव्हा मी हसायचो. पण एक सांगतो. तू आकडा नीट ऐकलास. मिळालेल्या आकड्यावर योग्य निर्णय घेतलास. आणि आकडा खोटा निघाला तेव्हा, शिखर हाताशी असताना, आकडा सोडून वाऱ्याचं ऐकलंस आणि मागे फिरलीस. असं करणाऱ्या माणसाच्या हातात दोरी द्यायची नाही तर कुणाच्या द्यायची? फार तर ते म्हणतील, नॉट की किलोमीटर हे विचारायला हवं होतं. म्हणू देत. ते शिकण्यासारखं आहे, सगळ्यांनीच. पण जी चूक तुझी नाही ती तुझ्या नावावर मी राहू देणार नाही.

शनिवारी मी पुन्हा पेडण्याला गेलो. लक्ष्मीबाईंना उभ्याउभ्याच सांगितलं, बसलो असतो तर परत चहा आला असता. सगळं ऐकून त्या आत गेल्या. मी अंगणात उभा. बऱ्याच वेळाने बाहेर आल्या आणि एवढंच विचारलं, "इतके दीस गप कित्याक रवलात?" आकड्याबद्दल एक अक्षर नाही. मी हात जोडले आणि निघालो. फाटकापर्यंत साईश सोडायला आला. सिद्धेशला मात्र अजून काही बोलू नकोस, त्याची माफी मी मडगावला समोर उभा राहून मागणार आहे.

आता शेवटचं. काल मी पणजीला जाऊन समितीला माझ्या सहीचं पत्र स्वतःच्या हाताने देऊन आलो, तुझ्या वहीतल्या त्या पानाच्या प्रतीसकट. बारा तारखेला आधी मला आत बोलावतील, मग तुला. सेक्रेटरीने पोच दिली आहे, ती देवाजवळ ठेवली आहे. हे तुला फोनवर एका मिनिटात सांगता आलं असतं, आणि सॅक आली त्या दिवशीच सांगता आलं असतं. पण फोन केला असता तर तू म्हणाली असतीस, "पप्पा, सांगूं नाका, हांव पळयतां," आणि तुझं ते "मी बघते" ऐकून मी विरघळलो असतो, गप्प राहिलो असतो, आणि तुझे उपकारही मानले असते. मला माझी खात्री नव्हती, बाये. म्हणून आधी ते पत्र दिलं आणि मग हे लिहायला बसलो. तुझ्या हातात पडेल तेव्हा तुला मला थांबवता येणार नाही.

तुझाच, आणि आयुष्यात ह्या एकाच गोष्टीत तुझं न ऐकणारा,
पप्पा